मागच्या भिंतीतला चिखल

साल १९८३. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा. शिक्षण तिसरीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चुका सापडतील, त्या काढा... पण जे मी पाहिलं त्यात चूक काढू नका. भूतबित मी कधीच मानलं नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी सरळ उठून घरी जायचो. आजही मानत नाही. तरी हे घडलं.

आमचं गाव सारसोळे. गावाच्या खाली भातशेती होती, शेतीच्या पलीकडे खाडी, आणि मधे मातीचा बांध – खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून वाडवडिलांनी घातलेला. या बांधाला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बिळं पाडतात. बीळ असतं बोटाएवढं, पण भरतीला त्यातून पाणी वाहू लागलं की बघता बघता खांड जाते, म्हणजे बांध फुटतो. माझा चुलता हिरूनाना रोज बांधावरून चालायचा. चिखलात पेंढा कालवून गोळा करायचा, बिळात कोंबायचा, टाचेनं धप् करून दाबायचा आणि वर खाडीकाठच्या तिवराच्या झाडाची काडी खोचायचा. उद्या येऊन तपासायची खूण. सत्त्याहत्तर साली नाना वारला. त्याच्या आधीच शेतं नव्या शहरासाठी गेली होती. मग बांधावर कोण जातंय?

आता मी काय केलं तेही सरळ लिहितो. गावातलं घर पुरेना, म्हणून मी खाली बांधाच्या आतल्या अंगाला घर बांधलं. मागची भिंत बांधालाच टेकवली. जोत्याच्या भरावाला माती पाहिजे होती, ती त्याच बांधाची काढली... तशी चिकण माती दुसरीकडे नाही. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादूस म्हणतो, तो आडवा आला. बांधाला कुदळ लावू नको म्हणाला. मी म्हटलं, "शेत ऱ्हायलं नाय, आता बांध काय पूजायला ठेवायचा?"

श्रावणात सुनेला मुलगी झाली. पाळणा मागच्या भिंतीजवळ टांगला होता. पिठोरी अमावास्येला चारेक दिवस असतील, सकाळी उठून बघतो तर भिंतीच्या पायाशी, घराच्या आत, चिखलाचा गोळा दाबलेला. त्यात पेंढा. वर तिवराची काडी.

मी बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, "बाळंतिणीचं करू का चिखल खेळत बसू? मना दुसरं काम नाय काय?" गोळा खरवडून मी बाहेर फेकला. दुसऱ्या दिवशी तीन गोळे, तीन काड्या. पेंढा पिवळाधमक, नवा. गावात भात लावून कितीतरी वर्षं झाली होती... पेंढा आला कुठून?

मला वाटलं, दादूसच्या घरचंच कुणीतरी चेष्टा करतंय. तावातावानं त्याला बोलावून आणलं. तो खाली वाकला, काडीला हात लावला नाही. मग एवढंच म्हणाला, "नाना दाबतंय तितं पानी हाय. पोरीला घेऊन वर चल."

"माझं जोतं सिमेंटचं हाय," मी म्हटलं. "तुझ्या कुडाच्या घरात कोन येतंय?"

तो गेला. बायकोनं गुपचूप कपड्यांचं गाठोडं बांधलं. मी ते सोडलं आणि कपडे पुन्हा दांडीवर टाकले. असा मी.

अमावास्येची मोठी भरती आमच्याकडे भर दुपारी असते. पाऊस लागून राहिला होता. मुलगा कामावर गेला होता. मी जेवून दारात बसलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. धप्... धप्... टाचेचा. बाहेर जाऊन बघितलं, बांधावर माणूस नाही. पण गोळे! माझ्या भिंतीच्या बाजूनं ओळीनं, प्रत्येकावर काडी. आणि माझ्यादेखत आवाज या टोकाकडून त्या टोकाला जात होता, घाईघाईत, जसा एकटा माणूस दहा बिळं सांभाळतो तसा.

मग आवाज थांबला.

हे मात्र बांधावर वाढलेल्या माणसालाच कळेल. भरती चढत असताना नाना कधी थांबायचा नाही. थांबायचा तो तेव्हाच – आता हा बांध राहत नाही हे कळलं की. धावत आत गेलो, पाळण्यातून नात उचलली, सुनेचा दंड धरला, बायकोला म्हटलं, जशी हायस तशी चल. आम्ही रस्त्यावर पोचून मागं वळलो तेव्हा मागची भिंत आत पडताना दिसली. तिच्या मागून खाडी आली. पाळणा आम्हाला पुन्हा मिळाला नाही.

माझा नातू आता इंजिनीअर आहे. तो म्हणतो, आजोबा, मातीत पाणी मुरताना तसे आवाज होतात. होत असतील. मग काड्या कोण खोचत होतं, हे त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही.

रात्र दादूसच्या घरात काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला खाली उतरलो. माझ्या पडक्या घराकडे गेलो नाही. पुढं शंभर पावलांवर, त्याच बांधाला लागून, तुर्भ्याच्या कारखान्यातला एक कामगार घर बांधत होता, जालन्याकडचा. पायाच्या चरात भरलेलं पाणी डब्यानं उपसत होता. मी म्हटलं, इथं बांधू नको. तो म्हणाला, "काका, तुमी गावचे. तुमी बांधलं म्हणून तर मी इथं जागा धरली."

आजवर कुणापुढं मी मान खाली घातली नव्हती. त्याला म्हटलं, "बांध मी कापला. खांड माझ्यामुळं गेली."

तो म्हणाला, "मग आमी जायचं कुठं?"

मी खाली वाकून त्याच्या विटा उचलायला लागलो. थोड्या वेळानं तोही लागला. भरती चढायच्या आत आम्ही दोघांनी त्या सगळ्या वर नेऊन दादूसच्या अंगणात रचल्या.