डिस्कवरचं तेल

ती पांढरी गाडी मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही. निवृत्तीनंतर लोक मला दरोड्यांच्या आणि खुनांच्या गोष्टी विचारतात. मी त्यांना ब्रेकची गोष्ट सांगतो. ऐकणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो, पण त्याला माझा इलाज नाही. वर्दीतल्या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जड गेलेला तपास हाच.

तेव्हा मी जळगाव रोडवरच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळा तोंडावर आला होता. दुपारी बाराच्या सुमारास खबर आली, की शहराकडे जाणाऱ्या उतारावर एका गाडीने स्कूटीला मागून उडवलं. आम्ही पोहोचलो तोवर स्कूटीवरची बाई गेलेली होती. जवळच्याच गावात ती अंगणवाडी सेविका होती. पिशवीतले पोषण आहाराचे पुडे रस्त्यावर फुटले होते. पंचनामा करताना माझा हवालदार ते एक एक करून कडेला ठेवत होता, आणि मी त्याला थांबवलं नाही.

गाडी चालवणारा तिशीतला, सिल्लोडकडच्या मोठ्या शेतीवाल्या घरातला. गाडी त्याचीच. त्याला नुसतं खरचटलं होतं. "साहेब, ब्रेकच लागला नाय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "चारच दिवस झाले नवे ब्रेक टाकून."

गाडीची त्याला हौस होती. रुंद टायर, मोठी मोकळ्या जाळीची चाकं, आणि आता पुढच्या चाकांना खाचा पाडलेल्या मोठ्या डिस्क आणि कडक पॅड. ज्यांनी कधी चाक काढून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. ब्रेक दाबला, की पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडी थांबते. सगळा खेळ त्या दोघांच्या घर्षणाचा.

मोटार वाहन निरीक्षकाने येऊन गाडी पाहिली. चाक काढलं नाही. अहवाल एका ओळीचा: ब्रेक कार्यक्षम नाहीत.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. अमुक गॅरेजवाला नकली पॅड टाकतो, नव्या डिस्कला गंजू नये म्हणून कंपनीने लावलेलं तेल न पुसताच बसवतो, त्याच्यामुळे बाई मेली. फोन करणाऱ्याने गॅरेजचा पत्ता सांगितला, मेकॅनिकचं नाव सांगितलं, वर कोणतं कलम लागेल तेही सांगितलं. खरी खबर नेहमी अर्धवट असते. खबऱ्याला एक गोष्ट माहीत असते आणि दोन माहीत नसतात. जी खबर कलमासकट येते, ती कुणीतरी चार माणसांत बसून तयार केलेली असते. हे शहाणपण मी आज सांगतोय. त्या दिवशी मी गाडी काढली आणि मेकॅनिकला घेऊन आलो.

पन्नाशीचा माणूस. शहरातल्या गॅरेजलाईनीत त्याचं एकट्याचं गॅरेज होतं. ठाण्यात आला तो "जय भीम साहेब" म्हणून सरळ समोर उभा राहिला. ठाण्यात पहिल्यांदा येणारी माणसं एक तर खूप बोलतात, नाही तर हात जोडतात. याने दोन्ही केलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला रागच आला.

"डिस्क पुसली होतीस का?" मी दरडावून विचारलं.

"व्हय. पेट्रोलनं. दोन डाव."

"पॅड कुठले?"

"मालकानं सोता दुकानातून आणले. डबा त्येंच्यासमोर फोडला. जुने पॅडबी पोत्यात बांधून दिले."

"मग ब्रेक का लागला नाही?"

"ते मला काय ठावं? माझ्याकडून गाडी गेली तवा लागत व्हता." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "साहेब, मला अरेतुरे करा, चालंल. पन बघितल्याबिगर माझ्या ब्रेकला नावं ठिवू नका."

मी ते उद्धटपणात जमा केलं. गुन्हा जामीनपात्र होता. हयगयीने मृत्यूला कारणीभूत म्हणून त्याला अटक दाखवली, जामिनावर सोडलं आणि रोज हजेरी लावली. रोज तो यायचा आणि बाकावर बसायचा. त्या आठवड्यात त्याच्या गॅरेजमधून लोकांनी आपापल्या गाड्या काढून नेल्या, कुणी कुणी तर अर्ध्या खोललेल्या टोचन करून नेल्या.

मग गाडीमालकाच्या घरचे एक काका टाइप केलेला कागद घेऊन आले. मेकॅनिकचा जबाब, त्याच्या वतीने त्यांनीच लिहिलेला: "माझ्याकडून चुकून तेल पुसायचे राहून गेले." त्यावर सही झाली की मालक आरोपी न होता नुसता साक्षीदार होणार होता. त्याच संध्याकाळी वरून साहेबांचा फोन आला. "मिस्त्रीवर घ्या आणि विषय संपवा. घर मोठं आहे."

आता लाज वाटते ते सांगतो. मी तो कागद मेकॅनिकपुढे ठेवला. "सही कर," मी म्हणालो, "फार काही होत नाही यात. कोर्ट दंडावर सोडेल."

त्याने कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि माझ्या टेबलावर परत ठेवला. "आन मंग माझ्याकडं ब्रेक कोन टाकंल? ते जाऊ द्या, मजुरी करीन. पन त्या बाईच्या घरच्यांला मी लिवून देऊ, का मी मारली? जे केलंच नाय ते? नाय साहेब. जेलात टाका. सही व्हनार नाय."

पोलिसी आवाज मला चढवता येत होता, पण त्या वेळी तो चढला नाही. तीसएक वर्षांच्या कामावर उभा राहून तो माणूस बोलत होता, आणि मी एका फोनवर.

"मग सिद्ध कसं करणार?" मी विचारलं. त्याला ‘तू’ म्हणायचं माझ्याकडून तिथेच बंद झालं.

"चाक काढा," तो म्हणाला. "डिस्क सांगंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार वाहन निरीक्षकाला पुन्हा बोलावलं. तो कुरकुरत आला. दोन पंच उभे केले. जप्तीतल्या गाड्यांच्या रांगेतून ती पांढरी गाडी बाहेर ओढली आणि पुढचं चाक उतरवलं. मेकॅनिकला मी हात लावू दिला नाही. त्याने लांबूनच पाहिलं.

डिस्कवर काळं, चिकट तेल होतं. त्यात धूळ बसून त्याची पेस्ट झाली होती. तेल होतं, म्हणजे फोनवाला खरा ठरत होता.

"फडक्यानं पुसा," मेकॅनिक म्हणाला.

निरीक्षकाने पुसलं. खाली डिस्क सगळीकडे सारखी, करडी आणि मऊसर दिसत होती. मेकॅनिकची एक रीत होती. नवे पॅड बसवले, की तो गाडी लगेच मालकाला देत नसे. मोकळ्या रस्त्यावर नेऊन वेग घ्यायचा, ब्रेक दाबून हळू करायची, न थांबवता पुन्हा वेग घ्यायचा, असं पंचवीस-तीस वेळा करायचा. त्याने पॅडचा थर डिस्कवर सारखा चढतो आणि पकड येते. तेलकट डिस्कवर असा थर चढूच शकत नाही, हे निरीक्षकाने स्वतःहून सांगितलं. म्हणजे डिस्क आधी स्वच्छ होती, ब्रेक नीट बसला होता, आणि तेल नंतर आलं होतं. निरीक्षक वाकून चाकाच्या मागे, कमानीत, गाडीच्या पोटाखाली हात फिरवू लागला. सगळीकडे तेच काळं तेल. वास घेतला, तर डिझेल.

"हे वॉशिंग सेंटरचं काम आहे," तो म्हणाला.

आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीला खालून तेल मारायची पद्धत आहे. जळकं ऑइल आणि डिझेल हवेच्या फवाऱ्याने पत्र्याला मारतात, म्हणजे गंज धरत नाही. जुन्या जीपांचे ब्रेक झाकलेले असत, तेव्हा चालून जायचं. हल्लीच्या डिस्क उघड्या असतात, म्हणून जाणता माणूस आधी त्यांना पोतं बांधतो.

उताराच्या अलीकडे एकच वॉशिंग सेंटर होतं. तिथला माणूस मला बघूनच फवारा बंद करून उभा राहिला. न विचारता बोलायला लागला. "साहब, मै बोला था उनको. डिस्कपे नक्को मारो बोला. पोता बांधता बोला. वो बोले, नवी डिस्क हाय, तांबेरा आला, त्याच्यावरच मार." मग त्याने मोबाईल काढला. अपघाताच्याच दिवशी सकाळी मालकाने तिथे उभं राहून आपल्या गाडीचा व्हिडिओ केला होता, आणि यालाही पाठवला होता. चकचकीत चाक, त्यावर गाणं, आणि गाण्यावर मालकाचा आवाज: "डिस्कवर पण मार रे, चांगलं भिजू दे." मागून या माणसाचा आवाज: "सेठ, ब्रेक नही लगेगा." आणि मालकाचं हसणं.

बिडाची डिस्क धुतली की तासाभरात तिच्यावर लालसर गंज दिसतो, आणि पहिल्या ब्रेकला निघूनही जातो. मेकॅनिकने हे त्याला सांगितलं होतं. पण गव्हावर तांबेरा पाहून लगेच फवारणी काढणाऱ्या घरातला तो. त्याला राहवलं नाही.

मालकाला बोलावून तो व्हिडिओ त्याच्यापुढे ठेवला. दुसऱ्यांदा चालू करायची गरज पडली नाही.

"मग मिस्त्रीचं नाव का घेतलं?"

"घरचे म्हणले," तो खाली बघत म्हणाला. मग रडला. रडणं खरं होतं. तो राक्षस नव्हता. त्याच्या घराला कधी कुणी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच.

साहेबांचा फोन पुन्हा आला. आवाज गोड होता. व्हिडिओ तपासात घ्यायची काय गरज, असं विचारत होते. मी म्हणालो, "सर, आपला आदेश स्टेशन डायरीला घेतो." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तरी मी नोंद घेतली: वेळ, कुणाचा फोन, काय सांगितलं. खाली सही. ठाणे अंमलदार माझ्याकडे असा बघत होता, जणू मी स्वतःच्याच घराला काडी लावली होती.

मालकावर दोषारोपपत्र गेलं. मेकॅनिकला तपासातून वगळल्याचा अहवाल कोर्टात गेला. त्याची प्रत घेऊन तो ठाण्यात आला.

"साहेब, ह्यात लिवलंय, पुरेसा पुरावा मिळून आला नाही. म्हंजी मी केलं असंल, पन घावलो नाय?"

"कायद्याची भाषा तशीच असते हो."

"असू द्या. मला येवढंच लिवून द्या, का ब्रेक नीट बसवला व्हता."

असा नमुना पोलीस खात्यात नाही. माणसाला संशयित ठरवायला आहे, फरार ठरवायला आहे, सराईत ठरवायला तर छापील तक्ते आहेत. ‘हा माणूस बरोबर होता’ असं सांगायला एक चिठोरासुद्धा नाही. या गुन्ह्याने मला शिकवलं ते हेच. आपण निर्दोष माणसाला सोडून देतो आणि वर त्याने आभार मानावेत अशी अपेक्षा करतो. त्याचं जे आपण हिसकावलं ते परत देत नाही.

मी ठाण्याच्या कागदावर हाताने लिहिलं, की सदर इसमाने बसवलेले ब्रेक योग्य होते, अपघातास तो जबाबदार नाही, आणि त्याला अटक करणे ही माझी चूक होती. सही केली, शिक्का मारला. त्याने वाचलं आणि मान हलवली. आभार मानले नाहीत. ते मला फार आवडलं.

आठ दिवसांत माझी बदली मुख्यालयात झाली, कारण प्रशासकीय. पाठोपाठ कारणे दाखवा नोटीस आली: अधिकार नसताना असे पत्र का दिले? मी उत्तर दिलं, "पत्र मी दिले. मजकूर खरा आहे." सेवापुस्तकात ठपका बसला.

निवृत्तीच्या वेळी आस्थापना शाखेतला कारकून भला होता. पुस्तक चाळता चाळता म्हणाला, "साहेब, एक अर्ज केला तर हा ठपका निघून जाईल. करू का?"

मी म्हणालो, "हात लावू नका. त्या पुस्तकात वाचण्यासारखं तेवढंच आहे."