पिशवी काढल्यावर काय उरतं

पालीहून बीडला रिक्षाने आणि बीडहून संभाजीनगरला एसटीने निघालो, तेव्हा गावात आम्ही लग्नाला चाललोय असं सांगितलं होतं. खरं म्हणजे माझ्या बायकोच्या, कौसाच्या, पोटात पाणी झालं होतं. बीडच्या डॉक्टरांनी कॅन्सरचा संशय धरून मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं.

माझा विश्वास बसत नव्हता. आम्ही ऊस तोडायला जायचो त्या काळात तिची पिशवी (गर्भाशय) काढलेली होती. आमच्याकडे बऱ्याच बायांची काढलेली आहे. पिशवी गेली की बाईचे तिकडचे सगळे आजार गेले, असं आम्ही धरून चालतो. म्हणून तिचं पोट फुगायला लागलं तेव्हा मी मेडिकलमधून गॅसच्या गोळ्या आणत राहिलो.

गेवराईच्या पुढपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस आणि ऊस. शहागडच्या पुलावर गोदावरी आली तसे कौसाने खिडकीतून हात जोडले. पाचोडला मोसंबी घेतली. दोन फोडी खाऊन बाकीची तिने माझ्या हातात ठेवली.

"खा की," मी म्हणालो.

"जागा न्हाई."

हे ती कितीतरी दिवस म्हणत होती. मला वाटायचं, रुसून म्हणते.

दवाखान्यात सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन लघवी दाबून धरायला सांगितलं. तिला ते जमेना. ती मोरीकडे पळाली आणि तेवढ्यात नंबर गेला. सिस्टर रागावल्या. "मावशी, थोडा वेळ धरवत नाही का?"

"बाई, माजं पोट म्हंजी बिंदुसरेचं धरण हाय का, साठवून ठिवाया?"

रांगेतल्या बाया हसल्या. सिस्टरही हसल्या आणि पुढच्याच नंबराला तिला आत घेतलं.

तपासण्यांत काही दिवस गेले. आम्ही जवळच्या धर्मशाळेत राहिलो. मग डॉक्टर मॅडमनी बोलावलं. बसल्याबसल्या मीच म्हणालो, "हिची पिशवी काढलीय. त्यामुळे तिकडचं काही नसणार."

त्यांनी कागदावर चित्र काढलं. "ही पिशवी. ती गेली. तिच्या दोन बाजूंची ही अंडाशयं मात्र ठेवलेली आहेत. गाठ डाव्या अंडाशयात आहे, आणि पोटातल्या पाण्यातही कॅन्सरच्या पेशी सापडल्यात." आधी केमो, गाठ आकसली की ऑपरेशन. "उशीर झालाय, पण उपचार आहे."

"करून टाका, मॅडम," मी म्हणालो.

"मला कापायचं न्हाई," कौसा म्हणाली.

"का, मावशी?"

"मागल्या टायमालाबी ह्यांनीच हो म्हणलं. काय काढनार हायेत ते मला टेबलावर गेल्यावर कळलं."

हे खरं आहे. पाळीच्या दिवसांत कामाचा खाडा नको, म्हणून ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाने आणि मी ते ठरवलं होतं. ती तेव्हा तिशीचीही नव्हती. मॅडमनी मला बाहेर थांबायला सांगितलं. ती बऱ्याच वेळाने आली.

"काय ठरलं?"

"इच्यार करून सांगते. तुमी चहा सांगा."

परतताना गेवराई आली. तशी कौसा म्हणाली, "केस जात्यात म्हणं."

"परत येतात."

"तुमाला कुनी सांगितलं?"

मी तिकिटं खिशात घातली.

"मॅडमनी मला सांगितलंय, येत्यात."

पालीत पोचलो तर शेजारच्या बाया ओट्यावर आल्या. "कसं झालं गं लगीन?"

मी चांगलं झालं म्हणणार होतो. कौसा म्हणाली, "लगीन न्हवतं. मला कॅन्सर झालाय. सोमवारपासून केमो हाय, मी जानार हाय. आपरेशनचं मागून बघू."

त्यातल्या जवळजवळ सगळ्यांची पिशवी काढलेली. त्यांच्यातली सखूबाई म्हणाली, "पिशवीच न्हाई, तर कॅन्सर कावून (का) व्हईल?"

कौसाने तिला खाली बसवलं. "पोट फुगतं का तुजं? दोन घासात भरतं का? सारकं लघवीला जावं लागतं का?"

सखूबाई उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघायला लागली. मी उठून वेशीकडे गेलो.

सोमवारी एसटीत आम्ही चौघं होतो; सखूबाईलाही तपासून घ्यायचं होतं. सखूबाईचा नवरा मागच्या सीटवरून म्हणाला, "बायका उगं घाबरत्यात." मी त्याला सगळं सांगितलं, गॅसच्या गोळ्यांसकट. गोदावरी येईपर्यंत मी बोलत होतो. औषध कौसाला किती लागू पडेल, हे मॅडमनाही इतक्यात सांगता येत नाही.