मामाने आणलेली शिवराई

मामाने मखमली डबी उघडून आतली शिवराई माझ्यासमोर धरली. धरताना त्याने खाली दुसरा हात लावला होता, देवळात तीर्थ घेताना लावतात तसा. मी लहानपणापासून जुनी नाणी जमवते, हे सगळ्या नातेवाइकांत फक्त त्याच्याच लक्षात राहतं.

"प्रदर्शनात मिळाली. फार दुर्मीळ आहे म्हणाला तो विकणारा माणूस," मामा म्हणाला. "खरी आहे ना गं?"

नाणं खरंच होतं. पण अशा झिजलेल्या तांब्याच्या शिवराया जुन्या बाजारात ढिगाने मिळतात, आणि मामाने हिच्यासाठी केवढे पैसे ओतले असतील, हे त्या डबीच्या थाटावरूनच कळत होतं. मामी हळूच म्हणाली, "यंदा काशीला जाणार होतो आम्ही. आता पुढच्या वर्षी बघू म्हणतात."

आपल्याला कुणी फसवलं तर निदान चिडता येतं. आपल्यावरच्या मायेपोटी दुसरा फसला, तर काय करायचं? खरं सांगावं तर त्याचा आनंद जातो, न सांगावं तर आपला जीव आतल्या आत कुरतडला जातो. काशी दोन्हीकडून दूरच राहते.

"खरी आहे, मामा," मी म्हणाले. "सुरेख आहे."

त्याचा चेहरा एकदम उजळला.

"मग बरं झालं. त्याच्याकडे आणखी एक आहे, याहून जुनी. तुझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगून आलोय."

मामी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.