कुणी विडा ठेवला नाही

जऊळक्याच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर कापसातली सरकी वेगळी करणारी आमच्या कंपनीची जिनिंग होती. आमची म्हणजे चार डायरेक्टरांची आणि आसपासच्या खेड्यांतल्या पुष्कळशा भागधारक शेतकऱ्यांची. माझे सासरे चेअरमन, माझे यजमान म्यानेजर, आणि मी त्या घरची सून. म्हणजे कंपनीचा चहा, चिवडा आणि विडे हे खातं माझ्याकडे. हे मी थट्टेनं लिहीत नाही. त्या कंपनीचा सगळ्यात मोठा निर्णय माझ्या हातच्या विड्यांवर झाला, आणि तो होत असताना मी दाराआड उभी होते.

डायरेक्टरांची बैठक आमच्या घरी, पुढच्या खोलीत भरायची. जिनिंगच्या कचेरीत हंगामात बसायची सोय नव्हती. रुईचा तूस नाकातोंडात जायचा आणि इंजिनाच्या धडधडीत शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. बैठकीची एक रीत मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, घालून दिली होती. बोलणं संपलं की ते ठराव वाचायला सांगत आणि मग आतून गड्याच्या हाती विड्यांचं तबक येई. ज्याला ठराव मान्य असेल त्यानं विडा उचलायचा, नसेल त्यानं तबक तसंच पुढे सरकवायचं. तोंडानं काही बोलायचं नाही. चेअरमनचा विडा शेवटचा. एक जरी विडा तबकात राहिला तरी ठराव बारगळला. कुणाला कुणाच्या तोंडावर 'नाही' म्हणावं लागू नये, मनं दुखावू नयेत, म्हणून ही सोय केलेली होती.

सोय चांगली होती, फक्त ती कुणी कधी वापरली नाही. दुसऱ्याच्या घरी बसून, चहा-फराळ करून, त्या घरच्या सुनेनं लावलेला विडा परत पाठवायचा म्हणजे काय, हे आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यातून एक डायरेक्टर मालेगावचे आमचे व्याही, माझ्या नणंदेचे सासरे. दुसरे मंगरूळचे व्यापारी, मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त. तिसरे वाशीमचे वकील, ज्यांनी आमच्या जमिनीचा खटला एक पै न घेता चालवला होता. असलं ते बोर्ड! तबक रिकामं परत यायचं आणि वकीलसाहेब 'सर्वानुमते' असं लिहून मोकळे व्हायचे. एका साली कुणालाच नको असलेली एक मोटारलॉरी अशीच सर्वानुमते विकत घेतली गेली. ती पहिल्याच पावसाळ्यात नाल्यात रुतली आणि बैल जुंपून काढावी लागली. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण बैठकीच्या आधी त्यातले दोघं जण माझ्यासमोर त्या लॉरीच्या नावानं बोटं मोडून गेले होते.

मग मंदीची वर्षं आली. कापसाचा भाव इतका पडला की वेचणारणीची मजुरी निघेल की नाही याची शेतकऱ्याला धास्ती. त्याच सुमाराला मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा एजंट मोटारीतून आमच्या दारात उतरला. गोड बोलणारा, हळू बोलणारा माणूस. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही तीन हंगाम जिनिंग बंद ठेवा. तुमच्याकडे येणारा कापूस आमच्या वाशीमच्या जिनिंगला येऊ द्या. आमच्या कमाईतला वाटा तुम्हाला घरबसल्या मिळेल, आणि मंदी सरली की तुमची जिनिंग तुमच्या हवाली. असे करार तेव्हा आमच्या भागात होत असत. त्यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. कागद स्वच्छ होता, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली.

ह्यांना तर घास जाईना. हे मुळातच कमी बोलणारे. त्या दिवशी ताट पुढे सारून म्हणाले, "चालती मशीन तीन साल थांबली म्हंजे थांबलीच समज. जिनवरच्या बाया दुसरीकडं जातीन, फिटर जाईन, बंडीचे बैल वाशीमचा रस्ता शिकतीन. मंग भोंगा वाजवून कोनाले बलावाचं?"

"मग मामंजींना सांगा की."

"मी म्यानेजर हावो, डायरेक्टर नाई. अन् त्यायचा पोरगा हावो. मी कोन्या तोंडानं सांगू?"

झालं. घरातल्या ज्या एका माणसाला सगळं कळत होतं त्याला बोलायचा हक्क नव्हता. ज्यांना हक्क होता ते एकेक करून, बैठकीच्या आधीच्या आठवड्यात, काहीतरी निमित्त काढून आमच्याकडे येऊन गेले. व्याही पहिले. मामंजी मळ्याकडे गेलेले. पाणी पिऊन झाल्यावर मला म्हणाले, "सूनबाई, मले हे काई पटून नाई राह्यलं. आपली जित्ती जिनिंग दुसऱ्याच्या भरवशावर बंद कराची? पन तुह्या सासऱ्यानं ठरवलंच असन, त आमी काहून आडवं याव?" दोन दिवसांनी मंगरूळचे आले. तेही तेच म्हणाले, वर म्हणाले की इतक्या वर्षांच्या दोस्तीत मिठाचा खडा कशाला. वकीलसाहेबांनी कराराचा मसुदा पोचवायला म्हणून टांगा थांबवला आणि ओट्यावरच मान हलवत उभे राहिले. "कायद्यानं बरोबर हाये. पन मन घेत नाई." तिघांची खात्री अशी की करार मामंजींना हवा आहे. मला वेड लागायची पाळी आली.

मी मामंजींना जेवायला वाढताना सगळं सांगून टाकलं. कोण काय म्हणालं ते शब्द न शब्द. सुनेनं असं बोलावं की बोलू नये, याचा विचार करायला मला वेळ नव्हता. ते शांतपणे ऐकत होते. भाकरीचा तुकडा तसाच हातात.

"बैठकीच्या बाहेर म्हनलेलं थे म्हनलेलं नसते, सूनबाई."

"पण मामंजी, तुम्हाला तरी पाहिजे का हा करार?"

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "मले कायले पायजे? इंजिनाच्या भट्टीची पहिली वीट म्या ठेवली. पन मी अडवू कसा? माहा पोरगा म्यानेजर. लोक म्हनतीन, बुढ्यानं पोराची नोकरी वाचव्यासाठी कंपनी बुडवली. त्यायच्यापैकी एकानं विडा ठेवला की झालं. एकानं. मले तेवढंच पायजे."

म्हणजे चौघांपैकी एकालाही तो करार नको होता, आणि चौघंही वाट पाहत होते की दुसरा कुणीतरी विडा ठेवील. हे मला एकटीला माहीत होतं, आणि बैठकीत पाऊल टाकायची मला परवानगी नव्हती.

बैठकीच्या दिवशी मी विडे लावायला बसले. मुद्दाम विडे मी जाडेभरडे लावले. कात जास्त, चुना जास्त, म्हटलं, निदान जिभेला तरी नको वाटू दे. आज त्याचं हसू येतं. तबक बैठकीत गेलं आणि मी दाराआड उभी राहिले. हेही माझ्या मागे येऊन उभे राहिले. आत ठराव वाचून झाला होता.

व्याह्यांनी तबकाकडे पाहिलं, मग मामंजींकडे. मामंजी खाली सतरंजीकडे पाहत होते. व्याह्यांनी ते मान्यतेचं लक्षण समजून विडा उचलला. तो उचलल्यावर मंगरूळकरांना प्रश्नच उरला नाही. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि घेतला. तबक मामंजींसमोर आलं तेव्हा त्यात एकच विडा होता. त्यांचा हात मांडीवर तसाच राहिला. ठेवा, ठेवा, ठेवा, असं मी मनात इतक्या जोरात म्हणत होते की मला वाटलं आत ऐकू जाईल. तिघं त्यांच्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत काय होतं हे मला दिसत होतं, मामंजींना दिसलं नाही. त्यांनी विडा उचलला.

माझ्या मागून हे निघून गेले ते थेट जिनिंगवर. मी स्वयंपाकघरात जाऊन रागानं रडले. दुःखानं नाही, रागानं. चार शहाणी माणसं एकमेकांचं मन राखता राखता स्वतःच्या हातानं स्वतःचं घर बंद करून आली होती, आणि पुढच्या खोलीत सुपारी चघळत पावसापाण्याच्या गप्पा मारत होती.

त्या दिवाळीनंतर भोंगा वाजला नाही. पहिल्या हंगामात जिनवर काम करणाऱ्या बाया आमच्या दाराशी येऊन विचारायच्या, "बाई, भोंगा कवा वाजीन वं?" दुसऱ्या हंगामात त्या आल्याच नाहीत, वाशीमला आणि आणखी कुठं कुठं निघून गेल्या. जिनिंगच्या फाटकाबाहेर मजुरीच्या दिवशी माळी लोकांच्या बाया वांगी, मेथी, मिरच्या घेऊन बसायच्या. ती रांगही उठली. हे मात्र रोज किल्ल्या घेऊन जायचे, तेलाची बुधली घेऊन एकेक जिन हातानं फिरवून पाहायचे आणि संध्याकाळी काळे हात घेऊन परत यायचे. छपरात वटवाघळं शिरली होती. स्टेशनातून जिनिंगपर्यंत आलेल्या साईडिंगच्या रुळांत एरंड उगवला होता. एक दिवस मामंजी बाजारातून आले ते ओट्यावर मटकन बसले. एका गड्याच्या पायांत त्यांनी नव्या करकरीत चपला पाहिल्या होत्या, आणि तळाचं चामडं त्यांनी ओळखलं. तो आमच्या इंजिनाचा पट्टा होता.

धूर नसलेलं धुराडं खेड्यातल्या भागधारकांनाही दिसत होतंच. त्यांनी आपापले शेअर मिळेल त्या भावाला विकले. कोण घेतंय याची चौकशी कुणी केली नाही. तिसरा हंगाम संपता संपता निम्म्याहून जास्त शेअर मुंबईच्या कंपनीच्या माणसांकडे गेले होते, आणि तो गोड बोलणारा एजंट आमच्या खोलीत पाचवा डायरेक्टर म्हणून लोडाला टेकून बसला.

त्या बैठकीत मात्र नवल घडलं. तबक यायच्या आधीच व्याही बोलले. सरळ बोलले, "तीन साल झाले. आता आपली जिनिंग आपन चालू कराव." मंगरूळकर म्हणाले, खरं आहे. वकीलसाहेबांनी कराराचं कलम वाचून दाखवलं. मामंजींचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळला होता. दाराआड ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

एजंटनं सगळं ऐकून घेतलं. आवाज न चढवता म्हणाला, "नाही."

खोलीत कुणाला कळेना की पुढं काय करायचं. त्या खोलीत हा शब्द पूर्वी कुणी उच्चारलेला नव्हता.

"नाही," तो पुन्हा म्हणाला. "ही जिनिंग चालू करणं कंपनीला परवडणार नाही. मशिनरी खानदेशात आमच्या दुसऱ्या जागी नेऊ. मतं घ्यायची असतील तर शेअरांप्रमाणे घेऊ या." शेअरांप्रमाणे मतं घेतली तर काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग गड्यानं आणून ठेवलेलं तबक त्यानं पुढे ओढलं, एक विडा उचलला, तोंडात घातला, आणि म्हणाला, "वा! विडा छान जमलाय." बाकीचे चार तबकात राहिले. आता राहून काय उपयोग!

जिन उतरवायला माहीतगार माणूस हवा म्हणून त्यांनी ह्यांनाच नेमलं. ह्यांनी प्रत्येक जिनचे नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरले, चिठ्ठ्या लावल्या, जऊळक्याच्या स्टेशनावर मालगाडीच्या वाघिणीत चढवून दिले. मग त्याच मशिनींच्या मागोमाग खानदेशात वजनकाट्यावर कारकून म्हणून गेले. मी मुलांना घेऊन नंतर जायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मामंजींना चहा घेऊन गेले. पुढच्या खोलीत ते एकटेच बसले होते, एजंट जिथं बसला होता तिकडे तोंड करून.

"सूनबाई," ते म्हणाले, "इतकं सोपं होतं का थे?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला कुणीही बोललं असतं. पण मन राखण्याचा मला वीट आला होता.

"हो मामंजी," मी म्हटलं. "सोपंच होतं."

त्यांनी मान डोलावली. मी कपबशी ठेवून आत वळले. उंबऱ्याशी आले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. ते माझ्याशी बोलत नव्हते. अगदी हळू म्हणाले, "नाई." मग जरा थांबून, थोडं मोठ्यानं, पुन्हा, "नाई."