घट्ट तेलाचा माणूस

पातळ म्हणून जगात जे जे काही आहे, त्याच्याशी माझ्या थोरल्या साडूंचं जन्माचं वैर होतं. त्यांचा चहा कपात थबकत थबकत पडे. वरणात पळी उभी राहिली नाही तर ते ताट पुढे सरकवत, आणि पातळ आवाजाच्या माणसाचं म्हणणं तर पुरतं ऐकूनही घेत नसत. ते सावली गावात ढोरांचे डॉक्टर होते. गाईच्या पोटाला हात लावून, "हिले पातळ पाजलं कोणं?" असं विचारत, आणि बहुतेक वेळा कोणीतरी पाजलेलं असेच. हाच न्याय त्यांनी आपल्या जुन्या जीपला लावला होता. गिअरबॉक्समध्ये बाजारात मिळेल ते सगळ्यात घट्ट तेल. उन्हाळ्यात तेच, हिवाळ्यातही तेच. जीपखाली आडवे होऊन ते तेल बोटावर घेत, अंगठ्याने चोळत, हुंगत, आणि एकदा तर त्यांनी गाईचा थर्मामीटर त्यात बुडवून पाहिला. "मास्तर, तेलाले अंग पाह्यजे," ते मला सांगत. मी पडलो शाळामास्तर. मान डोलवण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हतं.

आता आमच्याकडची थंडी. धान कापून झालं की सावलीहून मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी जो गारठा असतो, त्यात हे अंगवालं तेल असं आखडून बसे की दुसरा गिअर काही केल्या पडत नसे. साडूंचे दोन्ही हात स्टिअरिंगला जखडलेले, कारण जरा सोडलं की जीप रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीकडे वळे. मग गिअर टाकायचा कोणी? तर ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने. साडू क्लच दाबून "टाक वं" म्हणत, आणि ताई शेजारच्या सीटवरून अर्ध्या उठून, पदर खोचून दांडा रेटत. पुढे पुढे "टाक" म्हणायचीही गरज उरली नाही. इंजिनचा सूर बदलला की ताईंचा हात आपसूक दांड्यावर जाई. दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी गिअर वेळेवर पडे. दर रविवारी आमच्या सासूबाईंना भेटायला नागभीडला आम्ही चौघं असेच जायचो, मी आणि माझी बायको मागे बसून.

एका हिवाळ्यात ताईंचं उजवं मनगट सुजलं. माणसांच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि बजावलं, की या हाताने ओढणं-रेटणं बंद, नाहीतर हात कायमचा अधू होईल. मी मोठ्या तोऱ्यात ताईंच्या जागी पुढे बसलो आणि पहिल्याच गिअरला जीप भर रस्त्यात बंद पाडली. उरली एस.टी., ती ताईंना लागायची. "तुमी जा, मी राह्यते घरी," त्या म्हणाल्या. तिकडे नागभीडला आई खाटेवर पडून दाराकडे डोळे लावून असलेली, आणि ताईंचे रविवार चुकू लागले.

साडूंच्या घरात कपाटावर एक डबा कधीचा पडून होता. शेजाऱ्यांचा मुलगा मस्कतला नोकरीला होता, त्याने आणलेलं सिंथेटिक गिअर ऑइल. कितीही थंडी पडो, आखडत नाही म्हणे. आलं त्याच दिवशी साडूंनी ते ताटलीत ओतून ताटली तिरपी केली होती. तेल पटकन दुसऱ्या काठाला पोचलेलं पाहून, "हे तेल नाई, हे पळपुटं होय," असा निकाल दिला होता. ताईंना सिंथेटिक म्हणजे नायलॉनची साडी एवढंच ठाऊक. "चुलीपाशी गेली तं अंगाले चिकटते," त्यांनी पुस्ती जोडली होती.

एका शनिवारी मी गेलो तर साडू जीपखाली. घट्ट तेल परातीत काळंकुट्ट पडलेलं, आणि मस्कतचा डबा शेजारी रिकामा.

"भाऊ, पातळ भरलं?"

"काय करता मास्तर," खालूनच आवाज आला. "तेलाले अंग नसलं तं नसो. तिचा हात राह्यला पाह्यजे."

मला त्या क्षणी या माणसाचं फार प्रेम वाटलं. मी परात उचलून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी धुक्यातच निघालो. ताई पुढे, पट्ट्यातला हात मांडीवर. साडूंनी स्टिअरिंगवरचा एक हात निमिषभर काढला, आणि दुसरा गिअर पडला. तोही जीपला बांधीची आठवण व्हायच्या आत. माझा जीव भांड्यात पडला. मागे बायको डोळे पुसत हसत होती. नागभीडला सासूबाईंनी ताईंचा हात धरला तो जेवणापर्यंत सोडला नाही.

परतताना सिंदेवाहीपुढच्या जंगलात चढ लागला, इंजिन घरघरू लागलं, तरी साडू गिअर टाकेनात. मग इतकं हळू बोलले की मागे जेमतेम ऐकू आलं, "अवं, नुसता ठेव. रेटू नको."

ताईंनी पट्ट्यातला हात दांड्यावर ठेवला. त्यावर साडूंनी आपला ठेवला. गिअर पडला. मी बाहेरची सागाची झाडं बघत बसलो.

पुढे ताईंचं मनगट पार बरं झालं. पण साडू होते तोवर दुसरा गिअर त्यांनी एकट्याने टाकलेला मी पाहिला नाही.