काचेतल्या कवड्या

"पाठ दाखव."

कुणाचंही भरतकाम याडी अशीच बघायची. समोरच्या नक्षीशी तिला देणंघेणं नव्हतं. कापड उलटं करायची, गाठी चाचपायची आणि मगच बोलायची. एकदा अकोल्याहून अमरावतीला जाताना तिनं बसमध्ये शेजारच्या बाईंचा पदरच उलटा केला. "मशीनचं हाय वं बाई. फसली तू." त्या बाई बडनेऱ्यापर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत.

बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण तांड्यात आणि तांड्याबाहेर सगळे तिला याडीच म्हणायचे. मी अकोल्यात जठारपेठेत राहते, शाळेत चित्रकला शिकवायचे. अमरावतीच्या एका खासगी संग्रहालयानं बंजारा मणीकामाची शिबिरं सुरू केली, तेव्हा शिकवायला याडी आणि शिस्त लावायला मी अशी जोडी ठरली. दर शनिवारी ती पातूरकडच्या तांड्यावरून अकोल्याला यायची आणि पुढे आम्ही बरोबर जायचो. शिस्त अर्थात तीच लावायची.

शिबिरात कॉलेजच्या एका मुलीनं कवडी शिवून मोठ्या कौतुकानं कापड पुढे केलं. याडीनं कवडी दोन बोटांत धरून ओढली, ती हातात आली. "लग्नात नाचशीन अन् मांडवभर सांडतीन," ती म्हणाली. मुलीचा चेहरा पडला. दुपारी याडीनं आपल्या डब्यातली भाकर तिच्या हातावर ठेवली. "खाय आधी. मंग शिव." ती मुलगी त्यानंतर एकही शनिवार चुकली नाही.

एका शनिवारी याडीनं स्वतःच्या लग्नाची ओढणी आणली. विटकरी रंगाची, आरसे लावलेली, काठाला कवड्यांची रांग. कापड जागोजागी विरलं होतं, कवड्या मात्र हात लागून लागून गुळगुळीत झाल्या होत्या. "ह्या माह्या मायच्या ओढणीच्या," ती मुलींना सांगत होती. "तिच्या मायच्याबी. आमच्या घरात पोरीचं लग्न ठरलं का जुन्या ओढणीच्या कवड्या उसवाच्या अन् नवीले लावाच्या. मले पोट्टेच झाले, मनून राहिल्या माह्याजवळ. आता नातीची पाळी हाय."

साहेबांनी, म्हणजे संग्रहालयाच्या संचालकांनी, ती ओढणी प्रदर्शनासाठी मागितली. शिबिर संपलं की परत देतो म्हणाले. याडीनं घडी घालून हातात दिली. शब्दावर दिली. लग्नाच्या ओढणीसाठी कुणी कागद करतं का?

नातीचं लग्न ठरलं आणि आम्ही ओढणी आणायला गेलो. ती काचेच्या पेटीत होती, वरून दिवा सोडलेला.

"आजी, ही आता तुमच्या एकटीची नाही राहिली," साहेब फार गोड बोलायचे. "हा समाजाचा ठेवा आहे."

"कोनत्या समाजाचा?"

"तुमच्याच."

"मंग मी त्याच समाजाची हाय न. दे."

साहेब हसले. म्हणाले, तुम्ही कवड्या उसवणार, म्हणजे वस्तू नष्ट होणार, आम्ही ती जपतो आहोत. आणि त्यांनी शिबिराच्या सामानातलं एक पाकीट पुढे सरकवलं. त्यात कवड्या होत्या. प्लास्टिकच्या.

याडीनं एक कवडी काढून दाताखाली धरली, परत पाकिटात टाकली आणि पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं. ती दाराकडे वळली. मी बोलले. चांगली अर्धी इमारत गोळा होईपर्यंत बोलले. आजही तेच विचारते, तुम्हालाच विचारते: ह्या कवड्या इतकी वर्षं जपल्या कुणी? बायांनी उसवून उसवून जपल्या. एकीच्या काठावरून दुसरीच्या काठावर नेल्या. यांनी काच लावली, दिवा सोडला आणि त्यांचा रस्ताच बंद केला. वर त्याला जपणं म्हणायचं. कुठून येतो एवढा निगरगट्टपणा?

त्या शनिवारपासून आम्ही दोघींनी शिबिर सोडलं. अर्ज केले, विश्वस्तांच्या पायऱ्या झिजवल्या. सगळीकडे चहा मिळाला आणि "पाहू" मिळालं. लग्नाची तारीख काही थांबली नाही.

याडीनं नातीची ओढणी शिवली. आरसे लावले, मणी लावले आणि काठ रिकामा ठेवला. प्रत्येक कवडीच्या जागी पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका.

"काहून वं असं?" मांडवात बाया विचारत होत्या.

"अमरावतीले हायेत," याडी सांगायची, घरचं माणूस दवाखान्यात असल्यासारखं. "आल्या का लावतो."

त्याच हिवाळ्यात याडी गेली. कवड्या काही आल्या नाहीत.

पुढे नात म्हणाली, मले पाह्याच्या हायेत. तिला घेऊन गेले. तिकीट काढून आत गेलो, आपल्याच आजीची ओढणी बघायला. शनिवार होता, पलीकडच्या खोलीत शिबिर चालू होतं. पोरीनं खांद्यावरची लग्नातली ओढणी सोडली, रिकामा काठ एका हातानं पेटीवर धरला आणि दुसरा तळहात शेजारीच काचेवर टेकवला. आत कवड्या, बाहेर टाके, मधे काच.

"ताई, काचेला हात नका लावू," रखवालदार म्हणाला.

ती मागे सरली. काचेवर तिच्या हाताचा ठसा उमटला होता. रखवालदारानं खिशातून फडकं काढलं आणि तो पुसून टाकला.