जहऱ्याच्या बागेतला वड

वटपौर्णिमेचा मेसेज मंडळाच्या ग्रुपवर आला, की मला जहऱ्याची ती जुनी बाग आठवते.

कुवेतमधला माझा पहिलाच जून होता. शहराबाहेरच्या जहरा गावातल्या त्या ऐतिहासिक बागेत जुना वड असल्याचा शोध आमच्या अध्यक्षीणबाईंनी लावला होता. भर उन्हात नऊवाऱ्या सावरत आम्ही पोचलो. वड कसला, चांगली काटेरी बोर होती! मी तसं म्हटलं, तर बाई म्हणाल्या, “अगं, भाव महत्त्वाचा. गुंडाळ दोरा.” आणि शिकल्यासवरल्या सगळ्याजणी काट्यांतून पदर सोडवत फेऱ्या मारू लागल्या. तापलेल्या धुळीत उदबत्तीचा वास नुसता घुसमटत होता.

नवरे एसी लावून गाड्यांत बसले होते. आमच्या ह्यांनी बोटभर काच खाली केली. “आटप ना लवकर, भूक लागलीये!” उपास माझा, भूक ह्यांना.

परतताना ह्यांनी ऐटीत विचारलं, “मागितलंस ना मला सात जन्म?”

“मागितलं,” मी म्हटलं.

व्रत फुकट गेलं म्हणून त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते. आता दर वर्षी मनातल्या मनात त्या बोरीचे आभार मानते. ह्यांना अजूनही तो वडच वाटतो.